७४ ब्लॉक आणि एक कॅरेटचा हिरा

एक कॅरेटचा हिरा म्हणजे २०० मिलिग्रॅम कार्बन. त्यात कार्बनचे अणू किती असतील? १ वर २२ शून्ये. आपली जुनी गणती परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी संपते. त्या हिशेबाने चिमटीत मावणाऱ्या एवढ्याशा खड्यात एक लाख परार्ध अणू भरतात. सुरतेत वराछा आणि कतारगामच्या कारखान्यांत असे खडे रोज रत्नकलाकारांच्या हातांखालून जातात. जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ आपल्या गावातून निघतात, असं तिथला धंदा अभिमानाने सांगतो.

आता त्याच कारखान्यातला संगणक पाहू. रफ हिरा पैलू पाडायच्या घंटीवर चढण्याआधी स्कॅनरखाली जातो. त्याचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. आत डाग कुठे आहे, तडा कुठवर गेला आहे, कुठून कापला तर वजन वाचेल, हे सगळं पडद्यावर ठरतं आणि मग माणूस 'सेव्ह' दाबतो. समजा त्या फाइलचे ७४ ब्लॉक डिस्कवर जायचे आहेत. एक ब्लॉक ४ किलोबाइटचा. सगळे मिळून ३०० किलोबाइटही होत नाहीत, मोबाइलवर काढलेला फोटो याहून मोठा असतो. नेमकी त्याच क्षणी वीज गेली. प्रत्येक ब्लॉक डिस्कवर पोचला असेल किंवा नसेल. वीज परत येईल तेव्हा डिस्क किती वेगवेगळ्या अवस्थांपैकी एकीत सापडू शकते?

उत्तर आहे २ चा ७४ वा घात: १८,८८,९४,६५,९३,१४,७८,५८,०८,५४,७८४. एक कॅरेटच्या हिऱ्यात जेवढे अणू, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

युनिक्स आणि लिनक्सच्या जगात फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, कोणती निवडावी यावर लोक चाळीस वर्षं वाद घालत आले आहेत. वेग किती, डिस्क किती मोठी चालते, फाइल किती मोठी ठेवता येते, याचे तक्ते त्या वादात पुढे केले जातात. मला मात्र वाटतं की निवडीचा खरा प्रश्न वरच्या बावीस शून्यांत दडला आहे: इतक्या शक्यतांतून ही फाइल सिस्टिम तुम्हाला सुखरूप बाहेर कशी काढते?

शक्यता आठच असतात तेव्हा काय होतं ते आधी बघू, कारण तेवढ्या बोटांवर मोजता येतात. असलेल्या फाइलच्या शेवटी थोडा मजकूर जोडायचा तर किमान तीन ब्लॉक लिहावे लागतात. एक खुद्द मजकुराचा. दुसरा आयनोडचा, म्हणजे फाइलची लांबी किती आणि तिचे ब्लॉक डिस्कवर कुठे आहेत याच्या नोंदीचा. तिसरा बिटमॅपचा, ज्यात कोणता ब्लॉक भरलेला आणि कोणता रिकामा हे लिहिलेलं असतं. तिन्ही पोचले किंवा एकही पोचला नाही, तर डिस्कचा मेळ बसलेला राहतो. फक्त मजकूर पोचला तर नवी भर गेली, पण बाकी सगळं जागच्या जागी. फक्त बिटमॅप पोचला तर एक ब्लॉक कायमचा अडकून पडला, कुणाच्याच नावावर नाही. आयनोड आणि मजकूर पोचले आणि बिटमॅप मागे राहिला, तर तो ब्लॉक सिस्टिमला रिकामा दिसतो. उद्या ती तो दुसऱ्या फाइलला देऊन टाकते आणि दोन फायली एकमेकींवर लिहू लागतात. सर्वांत फसवी अवस्था आयनोड आणि बिटमॅप पोचून मजकूर न पोचण्याची. कागदोपत्री सगळं चोख, फाइलची लांबी बरोबर, आणि आत त्या जागेवर पूर्वी पडलेला भलताच कचरा. पाहणाऱ्याला संशयही येत नाही.

तुम्ही म्हणाल, ब्लॉक ओळीने लिहिले जात असतील, मग इतक्या शक्यता येतील कुठून? ओळीने लिहिले जात नाहीत, हीच मेख आहे. 'सेव्ह' दाबल्यावर लिनक्स मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि नेहमीच्या मांडणीत तो तिथे ३० सेकंदांपर्यंत थांबू शकतो. पुढे डिस्क स्वतःच्या सोयीने क्रम बदलते. जुनी साटा डिस्क एका वेळी ३२ आज्ञा रांगेत ठेवून त्या उलटसुलट करते. एनव्हीएमई डिस्कच्या नियमावलीत ६५,५३५ रांगांची मुभा आहे आणि प्रत्येक रांगेत ६५,५३६ आज्ञा, म्हणजे एकूण चार अब्जांहून जास्त. वेगासाठी ही मोकळीक लागतेच. तिची किंमत वीज गेल्यावर कळते.

ब्लॉक वाढवत नेले की आकडे हाताबाहेर जातात. दिसू शकणाऱ्या विश्वात मिळून सुमारे १ वर ८० शून्ये इतके अणू असल्याचा अंदाज आहे. ती संख्या ओलांडायला २६६ ब्लॉक पुरतात, जेमतेम एक मेगाबाइट. साध्या संगणकाच्या मेमरीत लिहायचा राहिलेला मजकूर एक गिगाबाइटही असू शकतो. त्याचे ब्लॉक होतात २,६२,१४४, आणि शक्यतांची संख्या लिहायलाच ७८,९१४ अंक लागतात. मासिकाच्या एका पानावर तीन हजार अंक बसवले तर नुसती ती संख्या छापायला २६ पानांहून जास्त जागा लागेल.

या जंगलातून वाट काढायचा पहिला उपाय म्हणजे सगळं तपासणं. १९८४ साली बर्कली विद्यापीठातल्या मॅककुसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी युनिक्ससाठी वेगवान फाइल सिस्टिम मांडली. जुनी फाइल सिस्टिम ५१२ बाइटच्या ब्लॉकवर चालायची आणि डिस्कच्या वेगाचा दोन टक्के भागच वापरू शकायची. नवी ४७ टक्क्यांपर्यंत गेली. संगणक कोसळल्यावर मात्र तिलाही एफएससीके हा तपासनीस चालवावा लागे. तो प्रत्येक आयनोड वाचतो, प्रत्येक डिरेक्टरी वाचतो, बिटमॅपशी ताडून पाहतो, आणि ज्या फाइलचा धनी सापडत नाही ती 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत टाकतो. डिस्क काही मेगाबाइटची होती तोवर हे ठीक होतं.

आजचा हिशेब करून बघा. डिस्कवर एक कोटी फायली आहेत आणि प्रत्येकीची नोंद वाचायला डिस्कच्या काट्याला एक उडी मारावी लागते, असं वाईटात वाईट धरू. एका उडीला ८ मिलिसेकंद. एकूण ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून थोडं जास्त. २० टेराबाइटची डिस्क २५० मेगाबाइट दर सेकंद वेगाने या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती वाचली तरी तेवढाच वेळ लागतो. आधुनिक फाइल सिस्टिम आयनोड एकमेकांना लागून ठेवतात, म्हणून प्रत्यक्षात काम बरंच लवकर उरकतं. तरी तपासणीचा वेळ डिस्क आणि फायलींबरोबर वाढतच जातो. एका खोलीत वीज तीन सेकंद गेली म्हणून कारखाना दिवसभर बसून राहणार?

यातून सुटका करणारी युक्ती सुरतेच्या कुठल्याही पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरतो, एकाखाली एक, झाला तसा. खतावणीत खात्याखात्यांवर नोंदी नंतर सवडीने जातात. खतावणी लिहिताना मुनीम मध्येच उठला तरी बिघडत नाही, कारण कीर्द पाहून दुसरा कुणीही ती पुरी करू शकतो. फाइल सिस्टिमची जर्नल म्हणजे ही कीर्द. काय बदलायचं आहे ते आधी डिस्कवरच्या एका राखीव पट्टीत ओळीने लिहायचं, शेवटी 'व्यवहार पूर्ण' अशी एक छोटी खूण करायची, आणि मग खऱ्या जागी हात लावायचा. वीज गेली आणि खूण सापडली नाही, तर तो व्यवहार झालाच नाही असं धरून सोडून द्यायचं. खूण सापडली तर पट्टीतून वाचून पुन्हा सगळं जागेवर लिहायचं. दोनदा लिहिलं गेलं तरी नुकसान नाही.

काय घडलं ते नीट पाहा. ७८,९१४ अंकी शक्यतांच्या जागी दोन उरल्या: झालं किंवा नाही झालं. सगळा भार त्या एका खुणेवर आला. मला संगणकशास्त्रातलं हे एक अत्यंत सुंदर काम वाटतं. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॅगमन यांनी १९८७ साली सीडार या फाइल सिस्टिमला अशी नोंदवही जोडली आणि तासाभराची दुरुस्ती काही सेकंदांवर आली. लिनक्समध्ये स्टीफन ट्वीडी यांच्या कामातून उभी राहिलेली ईएक्सटी-३ २००१ साली मुख्य कर्नलमध्ये आली आणि २००८ च्या डिसेंबरात ईएक्सटी-४ वापरासाठी पक्की ठरली. १२८ मेगाबाइटची जर्नल वाचून काढायला साध्या डिस्कलाही सेकंदभर पुरतो, मग डिस्क २० टेराबाइटची का असेना.

आता क्षमतेचे आकडे, ज्यांवरून लोक भुलतात. इथेही हिऱ्याचंच माप लावू. डिस्कवरच्या जागेच्या प्रत्येक पत्त्यामागे कार्बनचा एक अणू ठेवायचा. ३२ बिटांत जेवढे पत्ते मावतात तेवढ्या अणूंचा घनाकृती हिरा केला तर त्याची बाजू भरते ०.२९ मायक्रॉन, प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान. साध्या सूक्ष्मदर्शकालाही त्याचे पैलू दिसणार नाहीत. ६४ बिटांचा हिरा अर्ध्या मिलिमीटरचा होतो, वजन एका कॅरेटच्या पाचशेव्या भागाहून कमी, हातातून निसटला तर सापडणार नाही. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम याच घराण्यातल्या. एक्सएफएसची मर्यादा ८ एक्साबाइट, बीटीआरएफएसची १६. एक एक्साबाइट म्हणजे दहा लाखांहून जास्त टेराबाइट.

आणि १२८ बिट? तो हिरा सव्वा किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच होईल. वजन सुमारे ६८० कोटी टन. सुरतेच्या वर तापीवर उकाईचं धरण आहे. त्याच्या जलाशयात सुमारे ७.४ अब्ज घनमीटर पाणी मावतं, आणि हा एकटा हिरा त्याची पाव जागा अडवेल. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ साली झेडएफएस या फाइल सिस्टिमचं काम सुरू केलं तेव्हा १२८ बिट निवडले. एवढे कशाला, असं लोक विचारू लागल्यावर बॉनविक यांनी भौतिकशास्त्राकडे बोट दाखवलं. एक किलो पदार्थात साठू शकणाऱ्या माहितीला सेथ लॉइड यांनी दाखवलेली नैसर्गिक मर्यादा आहे, १ वर ३१ शून्ये इतके बिट. त्या मर्यादेत १२८ बिटांची साठवण काठोकाठ भरायची तर सुमारे १४ कोटी टन पदार्थ निव्वळ ऊर्जेच्या रूपात आणावा लागेल. पृथ्वीवरचे सगळे महासागर उकळून त्यांची वाफ करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साडेतीन पट. महासागर म्हणजे १८ कोटी उकाई.

हे वाचून माणूस थक्क होतो आणि व्हायलाच हवं. पण लिंबायत किंवा उधन्यातल्या एखाद्या छोट्या ऑफिसात चार संगणक सांभाळणाऱ्या खानदेशी पोराला महासागर उकळायचा नसतो. त्याच्या जवळची सगळ्यांत मोठी डिस्क ६४ बिटांच्या त्या निसटत्या कणाचाही बारीकसा अंश असते. क्षमतेवरून निवड करू नका, कारण त्या परीक्षेत आज सगळ्याच फाइल सिस्टिम उत्तीर्ण आहेत. तारखेचं मात्र एकदा तपासा. ३२ बिटांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतं. ईएक्सटी-४ मोठ्या आयनोडसह २४४६ पर्यंत चालते, एक्सएफएस नव्या मांडणीत २४८६ पर्यंत. फार वर्षांपूर्वी तयार केलेल्या डिस्क अजून चालू असतील तर त्या वेळेत बदलून घ्या.

जर्नल असूनही फायली जातात का? जातात, आणि याचा धडा २००९ साली साऱ्या लिनक्स जगाला मिळाला. ईएक्सटी-३ नेहमीच्या मांडणीत दर ५ सेकंदांनी मजकूर डिस्कवर ढकलायची. ईएक्सटी-४ वेगासाठी मजकुराची जागा ठरवणंच लांबणीवर टाकते. जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी लिहिणारे प्रोग्राम या बदलात सापडले. संगणक अचानक बंद पडला की काहींच्या फायली परत आल्यावर शून्य बाइटच्या निघाल्या. नाव होतं, तारीख होती, आत काही नाही. जर्नलने आपलं काम चोख केलं होतं, कारण तिच्या हवाली नोंदी होत्या, मजकूर नव्हता. मुख्य प्रोग्रामर थिओडोर त्सो यांनी पुढे अशा प्रसंगांसाठी कर्नलमध्ये खबरदारी घातली. खरा नियम मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाळायचा आहे: नवा मजकूर वेगळ्या नावाने लिहा, एफसिंकने तो डिस्कवर पोचल्याची खात्री करा, आणि मगच जुन्या नावावर आणा. सुरतेत हिऱ्याचं प्लॅनिंग किंवा साडीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर घेताना विकणाऱ्याला हे एकच विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर ते घेऊ नका.

आणखी एक शत्रू आहे, जो वीज जाण्याची वाटही पाहत नाही. डिस्क कधीकधी चुकीचा मजकूर परत देते आणि काही चुकलं असं सांगतही नाही. २००८ साली लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी १५ लाख ३० हजार डिस्कचा ४१ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असा मेळ न बसण्याचे चार लाखांहून जास्त प्रसंग सापडले. ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस आपापल्या नोंदींची पडताळणी करतात, तुमच्या मजकुराची नाही. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकची पडताळणीची खूण त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवते, त्याची त्याच्याही वरच्या, असं थेट माथ्यापर्यंत. जुन्या जागेवर ती लिहीतच नाही. सगळं नव्या जागी लिहून शेवटी माथ्याची एक नोंद बदलते, म्हणजे इथेही पुन्हा दोनच शक्यता. दोन डिस्कची जोडी असेल तर बिघडलेला ब्लॉक दुसऱ्या प्रतीवरून ती आपोआप दुरुस्त करते. एकट्या डिस्कवर मात्र मजकूर बिघडल्याचं ती सांगते, तो सहसा भरून देऊ शकत नाही.

माझा कौल असा. रोजच्या कामाच्या संगणकावर ईएक्सटी-४ ठेवा: साधी, जुनी, आणि बिघडली तर दुरुस्त करणारे हात सहज मिळतात. मोठ्या फायली आणि मोठ्या डिस्क असतील तर एक्सएफएस, फक्त ती पुढे सहसा लहान करता येत नाही हे ध्यानात ठेवून. जे गेलं तर पुन्हा मिळणार नाही, जुने हिशेब, डिझाइनचा साठा, ग्राहकांच्या हिऱ्यांचे नकाशे, ते झेडएफएसवर, दोन डिस्कच्या जोडीत. बीटीआरएफएस जोडीत चांगली चालते, पण तिच्या रेड-५ आणि रेड-६ या अनेक डिस्कच्या मांडण्यांपासून दूर राहा. आणि कुठलीही घेतली तरी यूपीएस लावाच.

या सगळ्या हुशारीला एक हद्द आहे आणि ती सुरतेने पाहिली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेलं पाणी सुमारे ९ लाख क्युसेकवर गेलं, म्हणजे दर सेकंदाला पंचवीस हजार घनमीटरांहून जास्त. ऑलिंपिक आकाराचे दहा तलाव एका सेकंदात भरतील एवढं. शहराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याखाली गेला. चिखलात बुडालेल्या डिस्कवर जर्नल होती की नव्हती, पडताळणीच्या खुणा होत्या की नव्हत्या, याने काही फरक पडत नाही. जोडीतली दुसरी डिस्क त्याच खोलीत असेल तर तीही बुडते. आज खाजोदला ६७ लाख चौरस फुटांचं डायमंड बोर्स उभं आहे, साडेचार हजारांहून जास्त कार्यालयांचं. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या इमारतीत असलात तरी दोन प्रती एकाच छताखाली असतील, तर पुरापुढे ती एकच प्रत आहे.

म्हणून एक प्रत सुरतेबाहेर ठेवा. जळगावला भाऊ असेल तर त्याच्याकडे, नाशिकला बहीण असेल तर तिच्याकडे, नाहीतर दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर. ठेवून झाली की याच आठवड्यात तिच्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवा आणि ती उघडते का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.